दुसऱ्या रांगेतला झोरण

मित्रांनो, माझी उंची साडेचार सेंटिमीटर आहे. मोठ्या चौकटीत ती नऊपर्यंत जाते, पण मोठी चौकट माझ्या वाट्याला फार कमी वेळा आली. मी कारव नावाच्या ग्रहावरचा एक जुना योद्धा आहे. माझे नाव झोरण. रंग गडद तांबडा, उकडलेल्या बीटासारखा. हात दोन, पाय दोन, प्रत्येक हाताला बोटे चार. 'अभेद्य' नावाचे चित्रकथेचे मासिक तुमच्यापैकी कुणी वाचत असेल, तर त्यात मी आहे. मी तुम्हाला आठवत नसेन, तर त्याचे मला वाईट वाटत नाही. पान उघडले की आधी निळ्या चिलखतातला अभेद्य दिसतो, आणि ते बरोबरच आहे, मासिक त्याचे आहे. मी त्याच्या मागे, डावीकडे, दुसऱ्या रांगेत असतो.

माझा जन्म पुण्यात सदाशिव पेठेत झाला, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. खाली दाताचा दवाखाना आहे. आमच्या कार्यालयात दिवसभर दातांच्या यंत्राची बारीक किरकिर ऐकू येते. दवाखान्यात वाट पाहणाऱ्या मुलांना वाचायला आमचे जुने अंक खाली पाठवले जातात. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझ्यावर आलेल्या संकटात तिचा वाटा आहे.

मला दोघांनी घडवले. सौमित्र गोष्टी लिहितो. तो पदार्थविज्ञान शिकलेला आहे. रंगनाथकाका चित्रे काढत. ते काहीही शिकलेले नाहीत असे ते स्वतःच सांगत, आणि त्यांच्यासारखा हात पेठेत दुसरा नव्हता. चौदाव्या अंकात अभेद्यवर परग्रहाची फौज चालून येणार होती. रंगनाथकाकांनी एक उंच, सडपातळ योद्धा काढला आणि कागद सौमित्रपुढे सरकवला.

"काका, कारववर गुरुत्वाकर्षण आपल्या अडीचपट आहे," सौमित्र म्हणाला. "आणि हा असा उदबत्तीसारखा? उभा राहिला तर गुडघे जातील त्याचे."

"मग बसलेला काढू का?"

"बुटका काढा. जाड हाडांचा. छाती मोठी, कारण तिथली हवा विरळ आहे."

"अजून काही? रक्तगट?"

पण काकांनी खोडरबर उचलला. मी बुटका झालो, रुंद झालो, छाती पिंपासारखी झाली. तुम्ही कागद तिरका धरलात, तर माझ्या डोक्यावर त्या पहिल्या उंच योद्ध्याची पुसट रेघ अजून दिसते. मग काका बराच वेळ माझ्या चेहऱ्यावर काम करत राहिले. फौजेत चाळीसजण होते. बाकीच्या एकोणचाळीसांना चेहरा नाही, फक्त शिरस्त्राण आहे. माझे शिरस्त्राण मात्र काकांनी काढून माझ्या काखेत दिले. सौमित्रने माझे वजन लिहिले, दोनशे वीस किलो. अशा कागदाला आमच्याकडे नमुन्याचा कागद म्हणतात. पात्र पुढच्या अंकात तसेच्या तसे काढता यावे म्हणून तो भिंतीवरच्या फळ्याला टाचणीने लावून ठेवतात. माझा जीव त्या कागदात आहे. तो जिथे असेल, तिथून मला दिसते आणि ऐकू येते.

चौदाव्या अंकात माझ्या वाट्याला तीन चौकटी आल्या. पहिलीत मी खडकवासला धरणाच्या भिंतीवर उभा आहे आणि ओरडतो आहे, "कारवचा विज". पुढचे अक्षर चौकटीबाहेर गेले. दुसरीत अभेद्यने मला उचलले आहे. ही माझी मोठी चौकट, नऊ सेंटिमीटरची. तिसरीत मी आतल्या बाजूला, साठलेल्या पाण्यात पडलो आहे. वर्तुळे उमटली आहेत, थोडे बुडबुडे आले आहेत आणि अभेद्य पाठ करून भिंतीवरून परत निघाला आहे. वर पिवळ्या पट्टीत लिहिले आहे, "अशा रीतीने कारवचा झोरण पाण्यात संपला."

संपलेल्या पात्रांचे कागद निळ्या फाइलीत जातात. फाइलीवर 'समाप्त' असे लिहिलेले आहे. ती कपाटात असते आणि कपाटाला कुलूप असते. माझे बाकीचे एकोणचाळीस सोबती एकाच कागदावर होते. तो त्याच आठवड्यात फाइलीत गेला. माझा कागद फळ्यावरच राहिला. का राहिला, ते मला तेव्हा कळले नाही.

पुढे माझ्यावर अभेद्यच्या पट्ट्याचे चित्र टाचले गेले. त्यावर चहावाल्याचा नंबर. त्यावर सुट्ट्यांची यादी. अंक चौदा ते अंक सदतीस, म्हणजे तेवीस महिने मी कागदांखाली होतो. अंधार होता, पण कार्यालय कानांनी ओळखीचे झाले. संपादक अनिरुद्ध यांची चप्पल, कुसुमताईंच्या लाल पेनाचे टोपण, खालची किरकिर. कुसुमताई मुद्रिते तपासतात. एक ऱ्हस्व वेलांटी त्यांच्या नजरेतून सुटलेली मी कधी ऐकली नाही.

एके दिवशी रंगनाथकाकांचा निरोपसमारंभ ऐकला. पेढे वाटले गेले. "डोळे म्हणतात, आता पुरे," एवढेच काका म्हणाले. त्यांच्या जागेवर उत्कर्षा आली.

उत्कर्षा चंद्रपूरची. पेठेतच तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहत होती. तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतले होते. तीन महिन्यांत काम पटले तर कायम, नाहीतर घरी जाऊन बी.एड.ला प्रवेश घ्यायचा, असे तिचे आईवडिलांशी ठरले होते. रोज दुपारी ती फळ्याजवळ उभी राहून फोन करायची. "हो आई, जमून राहिलं," ती म्हणायची. ते फारसे जमत नव्हते, हे कागदांखालून मला कळत होते.

कारण आमच्या मासिकाची एक रीत आहे. शेवटच्या पानावर एक चौकट असते, 'आमचे चुकले'. वाचकाने चूक दाखवली की ज्याची चूक असेल, त्याने ती स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या नावासह लिहायची. ते अक्षर तसेच छापले जाते. नव्या माणसाचे नाव बोलीच्या मुदतीत तीनदा त्या चौकटीत आले, तर रामराम. यातून सुटायचा एकच मार्ग आहे. चूक पुढच्या गोष्टीत अशी बसवायची की ती चूक राहणार नाही, आणि ते स्पष्टीकरण पत्र लिहिणाऱ्या वाचकाला आधी दाखवायचे. त्याने 'पटले' असे लिहून दिले, तरच चौकट रद्द.

उत्कर्षाचे नाव दोनदा येऊन गेले होते. पस्तिसाव्या अंकात तिने सूर्यास्तानंतरच्या चंद्रकोरीची टोके खाली, क्षितिजाकडे काढली. छत्तिसाव्या अंकात सकाळी आठ वाजता अभेद्यची सावली पूर्वेला पडली. दोन्ही वेळा पत्रे आली. आमचे वाचक अभेद्य उडतो यावर काही बोलत नाहीत. सावली मात्र मोजतात.

सदतिसाव्या अंकात कात्रजला मोठी सभा होती. युद्ध संपून पृथ्वीवरच राहिलेले परग्रहवासी सर्पोद्यानाजवळ जमतात, सगळ्यांना ताक दिले जाते आणि अभेद्य भाषण करतो. सौमित्रने लिहिले होते, "गर्दी. तीसेक परग्रहवासी." उत्कर्षाने तीस चेहरे शोधायला फळ्यावरचा एकेक कागद उलटायला सुरुवात केली. सुट्ट्यांची यादी उचलली गेली. चहावाल्याचा नंबर उचलला गेला. मग तेवीस महिन्यांनी माझ्यावर उजेड पडला.

"अगं बाई," ती म्हणाली, "हा कोण? किती छान चेहरा आहे."

मित्रांनो, कुणी तुम्हाला दोन वर्षांनी पाहावे आणि पहिले वाक्य हे बोलावे, याचे सुख मी तुम्हाला सांगू शकत नाही. तिने मला दुसऱ्या रांगेत उभे केले आणि माझ्या चार बोटांत ताकाचा पेला दिला. माझ्या छातीवरचे खिळे ठोकलेले चिलखत तिने एवढे मन लावून काढले, की एकही खिळा चुकला नाही. चौदावा अंक मात्र तिने वाचला नव्हता. तो कार्यालयात नव्हताच. एकुलती एक प्रत खाली दवाखान्यात होती.

अंक निघाल्यावर नवव्या दिवशी पोस्टकार्ड आले. कुसुमताईंनी ते मोठ्याने वाचले.

"स. न. अंक १४, पान २२ : झोरण खडकवासल्यात संपला. अंक ३७, पान ९ : झोरण कात्रजला ताक पीत उभा आहे. दोन्हींपैकी एक पान कृपया परत घ्यावे. श्याम देवस्थळी. ता. क. मी धरणावर तीस वर्षे नोकरी केली आहे. हा वर आला असता, तर मला कळले असते."

देवस्थळी चार गल्ल्या पलीकडे राहतात. तरी पत्र पोस्टानेच पाठवतात.

उत्कर्षा हातातला ब्रश पुसत राहिली. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

"तिसरं," अनिरुद्ध म्हणाले. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरे झाले असते. "उत्कर्षा, चौकट लिहायला घ्या. 'तो झोरण नव्हे, चुकून तसा काढला गेला.' आणि तो कागद फाइलीला लावा."

"सर, दोन दिवस द्या," सौमित्र म्हणाला. "गोष्टीत बसवून बघतो."

"बघा. पण पटवायचंय कुणाला, तेही बघा."

अशा रीतीने, मित्रांनो, माझे जगणे आणि उत्कर्षाची नोकरी एकाच टाचणीला लागली. देवस्थळींना पटले नाही, तर मी निळ्या फाइलीत जाणार होतो आणि ती चंद्रपूरच्या गाडीत.

सौमित्रने पहिल्या दिवशी जुळा भाऊ सुचवला. कुसुमताईंनी मान वर न करता विचारले, "आणि तो लहानपणी जत्रेत हरवला होता का?" दुसऱ्या दिवशी त्याने मला कल्ले द्यायचे ठरवले, माशासारखे. उत्कर्षाने माझा कागद पुढे धरला. "नमुन्यात कल्ले नाहीत. आता काढले, तर ही चौथी चूक होईल."

मग ती खाली दवाखान्यात गेली आणि चौदावा अंक घेऊन आली. कोपरे कुरतडलेले होते, मुखपृष्ठावर कुणीतरी अभेद्यला मिशी काढली होती. तिने बाविसावे पान भिंगाखाली धरले. कितीतरी वेळ ती त्यातून डोळा काढेना.

"कुसुमताई, हे बुडबुडे पाहा ना. तीनच दिसून राहिले."

"मी चित्रं बघत नाही, बाई. अक्षरं बघते."

"तीनच आहेत. आणि नाकाजवळ नाहीत, चिलखताच्या सांध्याजवळ आहेत. म्हणजे श्वास सोडलाच नाही यानं."

सौमित्र खुर्ची सरकवून आला. पुढचा तासभर दोघे असे बोलत होते, की मला माझ्याच शरीराची नव्याने ओळख झाली. पाण्यात खोल जाणारे सील हवा फुप्फुसात साठवत नाहीत. ते प्राणवायू रक्तात आणि स्नायूंत साठवतात. त्यासाठी स्नायूंत एक खास प्रथिन भरपूर असते आणि त्यामुळे त्यांचे मांस जवळजवळ काळे दिसते. बुडी मारली की त्यांचे हृदय सावकाश चालू लागते, म्हणजे साठा पुरतो. विरळ हवेच्या ग्रहावर वाढलेल्या योद्ध्याच्या शरीरातही असाच साठा असणार. त्याचा रंग गडद असणार. रंगनाथकाकांनी मला बीटाचा रंग दिला होता तो अभेद्यच्या निळ्याशेजारी उठून दिसावा म्हणून. आता त्या रंगाला कारण मिळाले.

"आणि वजन दोनशे वीस," उत्कर्षा म्हणाली. "म्हणजे हा तरंगणार नाही. तळाला जाणार आणि तळावरून चालत काठाला लागणार. म्हणून तो कुणाला वर आलेला दिसला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चौदावा अंक, तळावरून चालण्याच्या हिशेबाचा कागद आणि मला एका पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये घातले आणि ती चालत देवस्थळींकडे निघाली. मी पहिल्यांदाच घराबाहेर पडलो. फोल्डरच्या फटीतून मला स्कूटरची चाके, क्लासला निघालेल्या मुलांचे बूट आणि एक झोपलेले मांजर दिसले. कारवपेक्षा हा ग्रह मला फार आवडला.

देवस्थळी सत्तरीचे, उंच, शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली. त्यांनी उत्कर्षाला खुर्ची दिली आणि पेला पुढे ठेवला. "पाणी घ्या. विषय पाण्याचाच आहे."

तिने सगळे सांगितले. सुरुवातीला ती कागदात बघून बोलत होती, सीलच्या हृदयापर्यंत आल्यावर तिने कागद टेबलावर ठेवला. देवस्थळींनी हिशेबाचा कागद ओढून घेतला.

"काठापर्यंत अकराशे मीटर, सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे सदतीस मिनिटं. तळाला गाळ किती असतो, कल्पना आहे? वेग निम्मा धरा."

तिने निम्मा धरला. "त्र्याहत्तर मिनिटं होतात."

"तासाच्या वर. टिकेल का श्वास?"

"हत्तीसील दोन तासांच्या आसपास राहिल्याची नोंद आहे, काका. संदर्भ मागे लिहिलाय."

देवस्थळींनी कागद उलटून संदर्भ वाचला. मग माझ्याकडे पाहिले. मी काखेत शिरस्त्राण धरून शक्य तेवढा ताठ उभा राहिलो.

"हे पटलं," ते म्हणाले. उत्कर्षाने श्वास सोडला. "पण लिहून देत नाही."

"का?"

त्यांनी बाविसावे पान उघडले आणि पेन्सिलीचे टोक शेवटच्या चौकटीवर ठेवले. टोक माझ्यावर नव्हते, अभेद्यच्या पाठीवर होते.

"हा का निघाला? आमच्या भिंतीवर माझा एक दंडक होता. माणूस पाण्यात गेलेला दिसला, तर तो निघाला किंवा काढला, यातलं एक नोंदल्याशिवाय भिंत सोडायची नाही. चोर असो नाहीतर साहेब. आणि हा तुमचा जगाचा रक्षक, पाठ करून चालला आहे. वळून न बघता 'संपला' हे यानं कशावरून ठरवलं? याचं उत्तर आणा. मग 'पटले'."

उत्कर्षाने परत येऊन हे सांगितले, तेव्हा अनिरुद्धांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे अभेद्यची चूक दाखवायची? पेन्सिलीच्या पेट्यांवर आहे तो. मुलांच्या डब्यांवर आहे. तीन चौकटींच्या पात्रासाठी मी अभेद्यला माफी मागायला लावू?"

"माफी नको सर, उत्तर," सौमित्र म्हणाला.

"दोन्ही एकच."

उत्कर्षा वाद घालायला थांबली नाही. ती टेबलाशी बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. फोनसुद्धा केला नाही. मला तिने समोर टेकवून ठेवले होते, त्यामुळे ते पान मी पेन्सिलीच्या पहिल्या रेघेपासून पाहिले. कात्रजची तीच सभा, भाषण संपलेले. पानावर चार चौकटी.

पहिलीत अभेद्य गर्दीतून मागे येऊन माझ्यासमोर उभा आहे. तो म्हणतो, "त्या दिवशी मी वळून पाहिलं नाही."

दुसरीत शब्द नाहीत. आम्ही दोघे फक्त उभे आहोत. तो उंच, मी त्याच्या कमरेएवढा.

तिसरीत मी बोलतो. आयुष्यात पहिल्यांदा माझे वाक्य चौकटीच्या आत संपले. "माहीत आहे. मी खालून बघत होतो."

चौथीत अभेद्य माझ्या शेजारी, दुसऱ्या रांगेत, जमिनीवर बसला आहे.

सौमित्रने एकही शब्द बदलला नाही. पान तपासायला कुसुमताईंकडे गेले. त्यांनी टोपण काढले, तिन्ही वाक्ये वाचली. दुरुस्ती काही नव्हती. तरी पान त्यांनी पुढे दिले नाही. त्या चित्र बघत होत्या. मग त्यांनी पेन बंद केले आणि पान स्वतः उठून अनिरुद्धांच्या टेबलावर नेऊन ठेवले.

अनिरुद्धांनी ते पाहिले. खालचे यंत्र दोनदा सुरू होऊन थांबले.

"शेवटच्या चौकटीत याच्या हातातला पेला कलता झालाय," ते म्हणाले. "ताक सांडेल. सरळ करा, आणि देवस्थळींना दाखवून या."

तीन दिवसांनी पोस्टकार्ड आले. त्यावर एकच शब्द होता, "पटले." खाली सही, आणि सहीखाली, "झोरणास नमस्कार सांगावा."

सौमित्रने टाळ्या वाजवल्या. कुसुमताईंनी नमस्कार सांगितला, तोही माझ्याकडे तोंड करून. मी वाचलो होतो. चौकटीची गरज उरली नव्हती, म्हणून उत्कर्षाही वाचली होती. गोष्ट इथे संपली असती तरी मी तुम्हाला ती आनंदाने सांगितली असती.

पण उत्कर्षाने कोरा कागद घेतला आणि लिहायला सुरुवात केली. वर लिहिले, 'आमचे चुकले'.

"काय करताय?" अनिरुद्धांनी विचारले. "पटले आलंय. चौकट लागत नाही."

"गोष्टीत जमलं, सर. पण मी चौदावा अंक वाचलाच नव्हता. हा मेलेला आहे हे मला माहीतच नव्हतं. ती चूक तर झालीच ना. अभेद्यला कबूल करायला लावलं आणि मी गप्प राहू?"

"तिसरं नाव आहे तुमचं. नियम माहीत आहे?"

"माहीत आहे." तिने नाव लिहिले. अक्षर सरळ होते, पण मी समोरच होतो. शेवटची वेलांटी काढताना पेन कागदाला जास्त वेळ टेकले होते.

फळ्यावर असतो तर मी टाचणीसकट खाली उडी मारली असती. दोनशे वीस किलोचा योद्धा आणि काहीही करू शकत नव्हतो.

कुसुमताई उठल्या. त्यांनी उत्कर्षाच्या हातातून कागद घेतला आणि लाल पेनाने खाली लिहिले, "अंकाच्या तपासणीचे काम माझे. मी फक्त अक्षरे वाचली. कुसुम."

"ताई, तुमचं काय मध्येच?" अनिरुद्ध म्हणाले.

"सदतीस अंकांत या चौकटीत माझं नाव आलेलं नाही. आज आलं. तुम्ही जरा फोन लावा रंगनाथांना, त्यांनाही विचारू. हा मेलेला होता, तर याचा कागद फळ्यावर काय करत होता?"

फोन लागला. काकांचा आवाज मी जवळजवळ तीन महिन्यांनी ऐकला. सगळे ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "माझंही नाव घाला. झोरणचा कागद मी फाइलीला लावला नाही. विसरलो नाही, लावला नाही. चेहरा जमला होता हो. तसा परत जमला नसता."

मित्रांनो, तेवीस महिने मी समजत होतो की मला कुणी विसरले आहे.

कुसुमताईंनी काकांचे नाव त्यांच्या परवानगीने लिहिले. आता अनिरुद्धांकडे कुणी पाहत नव्हते, आणि त्यामुळेच बहुधा त्यांना बोलावे लागले. "चौदाव्या अंकाची प्रत खाली दवाखान्यात कुणी पाठवली होती?"

"तुम्ही," सौमित्र म्हणाला. "म्हणालात, पोरांना लढाई आवडते."

अनिरुद्धांनी कागद ओढला, चौथे नाव लिहिले आणि कागद सरळ धरून थोडा वेळ पाहिला.

"एक चूक, चार माणसं," ते म्हणाले. "म्हणजे प्रत्येकी पाव. उत्कर्षा, तुमच्या आधीच्या दोन. एकूण सव्वादोन."

उत्कर्षाला काही कळले नाही. ती उभी राहिली होती.

"नियम तीनचा आहे," अनिरुद्ध म्हणाले. "सव्वादोनला काढता येत नाही. उद्या वेळेवर या. आणि चंद्राची टोकं कुठे असतात, ते आता तरी बघून ठेवा."

"माझं यात काहीच चुकलं नाही," सौमित्र कुरकुरला, "याचं मला वाईट वाटायला लागलंय."

त्या दुपारी उत्कर्षा फळ्याजवळ उभी राहिली आणि तिने आईला फोन केला. तिने काय सांगितले, ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते तिचे आहे. एवढे सांगतो की नंतर तिने मला फळ्यावर लावले ते सर्वांत वर, सुट्ट्यांच्या यादीच्याही वर.

आता आमचा एकसष्टावा अंक चालू आहे. माझ्या चौकटी सव्वीस झाल्या आहेत. मी अजून दुसऱ्याच रांगेत असतो, आणि मला तिथून फार छान दिसते. मला कुणी मुखपृष्ठावर घेतलेले नाही, माझ्या नावाची पेन्सिलीची पेटी नाही. पण ज्याने मला गुडघे टिकतील असे केले, ज्याने चेहरा जमला म्हणून मला फळ्यावर राखले, जिने उजेडात आणले आणि ज्यांनी पोस्टकार्ड टाकून मला खरे करून घेतले, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. चार बोटांवर मोजायला गेलो, तर एका हातात बरोबर मावतात. एवढी माणसे लाभायला योद्ध्याने आणखी काय करायला हवे, ते मला ठाऊक नाही.

माझे तुमच्याकडे एक मागणे आहे. चित्र बघताना पुढच्या मोठ्या माणसावर नजर थांबली, तरी तिला थोडे मागे जाऊ द्या. तिथेही कुणीतरी मन लावून काढलेला एक चेहरा असतो. आणि मित्रांनो, मैदानात तुम्ही कुणाला हरवलेत, ढकललेत किंवा चिडवून पुढे निघालात, तर दहा पावलांवर थांबून एकदा वळून बघा. तो उठला का, एवढेच. तो तुमच्याकडे बघत असतो.